ह्यूस्टनचे पाच पास्टर, पन्नास हजार सह्या आणि मेयरबाईंची एक नोटीस

ऑक्टोबर २०१४. ह्यूस्टनच्या सिटी हॉलमध्ये मेयरच्या नावाने पोस्टाने बायबलं यायला लागली, एखाद-दुसरं नाही, शेकड्यांनी. सोबत छापील प्रवचनं. माइक हकबी, म्हणजे अरकान्सोचा माजी गव्हर्नर, त्याच्याही आधी स्वतः बाप्टिस्ट पास्टर, आणि तेव्हा फॉक्स न्यूजवर स्वतःचा शो असलेला माणूस, त्याने टीव्हीवरून सांगितलं की मेयरबाईंना प्रवचनं वाचायची एवढी हौस आहे ना, मग देशभरच्या पास्टरांनी पाठवा, आणि सोबत बायबलही पाठवा. लोकांनी पाठवलं की!

मेयर होत्या अॅनिस पार्कर. बाईंनी असं काय केलं होतं? त्यांच्या सिटीच्या वकिलांनी पाच पास्टरांना सबपीना धाडला होता. सबपीना म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कागदपत्रं हजर करा अशी कोर्टाच्या केसमधली नोटीस, न दिलीत तर कोर्टाचा बडगा. आणि मागितलेल्या कागदपत्रांच्या यादीत "प्रवचनं" हा शब्द होता. त्या एका शब्दावरून पुढे राष्ट्रीय पातळीचं रामायण झालं, टेक्ससमध्ये एक नवा कायदा आला, आणि अमेरिकेतल्या चौथ्या नंबरच्या शहराचा समानतेचा कायदा लोकांच्या मतांनी पार झोपला.

अमेरिकेतल्या ख्रिश्चन राष्ट्रवादाबद्दल लिहिताना सगळे ६ जानेवारी २०२१ पासून सुरू करतात, म्हणजे ट्रम्पसमर्थक जमाव अमेरिकेच्या संसदेत घुसला तो दिवस, कॅपिटॉलच्या पायऱ्या, क्रॉस, झेंडे वगैरे. ते फोटो भारी असतात, मान्य. पण पुराणमतवादी इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दावर आणि धर्मप्रचारावर भर देणारे प्रोटेस्टंट) पास्टर रोजच्या रोज राजकारण नेमकं कसं करतात, हात कुठे घालतात, हे बघायचं तर मला ह्यूस्टनची केस जास्त उपयोगी वाटते, कारण इथे झेंडे कमी आणि फॉर्म जास्त आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या पास्टरांची खरी ताकद प्रवचनात नव्हती, सह्यांच्या कागदात होती. सिटीने कागद सोडून प्रवचनाला हात घातला आणि तिथेच हातची केस घालवली.

शहर कसं होतं

ह्यूस्टन म्हटलं की आपल्याला नासा, तेल कंपन्या आणि २०१९ चं हाउडी मोदी आठवतं. बरीच मराठी मंडळी तिथे आहेत, त्यातली खूप जण शुगर लँड, केटी या बाजूला राहतात. यातली गंमत पुढे येईल.

पास्टर लोकांचं आणि राजकारणाचं नातं या शहरात जुनं आहे. १२ सप्टेंबर १९६० ला जॉन केनेडी इथल्याच राइस हॉटेलमध्ये ह्यूस्टनच्या पाळकांच्या संघटनेपुढे उभा राहिला होता. तेव्हा प्रोटेस्टंट पास्टरांना भीती होती की हा कॅथलिक माणूस प्रेसिडेंट झाला तर पोपचं ऐकेल. केनेडी म्हणाला चर्च आणि सरकार यांची फारकत पूर्ण असावी अशी अमेरिका मला हवी, कुठला पाळक आपल्या लोकांना मत कुणाला द्यायचं ते सांगणार नाही अशी. समोर बसलेल्यांना तेव्हा तेच ऐकायचं होतं! चर्चने राजकारणात नाक खुपसू नये असा आग्रह धरणारे तेव्हा हेच होते, फक्त चर्च दुसऱ्याचं होतं.

पुढच्या वीस वर्षांत वारं फिरलं. सरकारी शाळेतल्या प्रार्थनेवर सुप्रीम कोर्टाने बंदी आणली, गर्भपाताला मुभा देणारा निकाल आला, खाजगी ख्रिश्चन शाळांच्या करसवलतीवर सरकारचा डोळा गेला, १९७९ मध्ये पास्टर जेरी फॉलवेलने मॉरल मेजॉरिटी (नैतिक बहुसंख्य) ही राजकीय संघटना काढली, आणि १९८० मध्ये डॅलसला हजारो पास्टरांपुढे रेगन म्हणाला की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला माहितीये, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो. हे वाक्य तिकडे अजून सांगतात. ह्यूस्टनमध्ये १९८४ ला कौन्सिलने समलिंगी कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारा नियम केला, जानेवारी १९८५ च्या सार्वमतात लोकांनी तो जवळपास चारास एक अशा मतांनी उडवला. आणि ऑगस्ट २०११ मध्ये गव्हर्नर रिक पेरीने इथल्याच रिलायंट स्टेडियममध्ये तीसेक हजार लोकांची प्रार्थनासभा घेतली, पुढच्या आठवड्यात प्रेसिडेंटपदासाठी उभा राहिला. म्हणजे जमीन नांगरलेली होतीच.

पण याच शहराने २००९ मध्ये अॅनिस पार्करला मेयर केलं, उघडपणे लेस्बियन असलेली बाई, एवढ्या मोठ्या अमेरिकन शहरात पहिल्यांदाच. तीनदा निवडून आली. तेव्हा "टेक्सस म्हणजे सगळे तसलेच" असं म्हणून मोकळं होता येत नाही.

कायदा

२८ मे २०१४ ला कौन्सिलने ११ विरुद्ध ६ मतांनी ह्यूस्टन इक्वल राइट्स ऑर्डिनन्स पास केला. (ऑर्डिनन्स म्हणजे आपला सहा महिन्यांचा अध्यादेश नव्हे हं, तिकडे शहराच्या कौन्सिलने केलेल्या नियमाला ऑर्डिनन्स म्हणतात.) आद्याक्षरं जोडून त्याला सगळे "हिरो" म्हणायला लागले. वंश, रंग, लिंग, वय, धर्म, अपंगत्व, गरोदरपण, सैन्यातली नोकरी अशा पंधरा गोष्टींवरून नोकरीत, भाड्याच्या घरात, दुकान-हॉटेलात भेदभाव करायचा नाही, केला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. पंधरापैकी दोन गोष्टींवर भांडण झालं: लैंगिक कल आणि जेंडर आयडेंटिटी (जन्माचं लिंग काहीही असो, माणूस स्वतःला पुरुष मानतो की स्त्री ते). डॅलसमध्ये असा नियम २००२ पासून होता, सॅन अँटोनियोने २०१३ मध्ये केला होता.

आता ही गोष्ट नीट बघा, धार्मिक संस्था या कायद्यातून वगळलेल्या होत्या. म्हणजे कुठल्याही चर्चला कुणाचं लग्न लावायची किंवा कुणाला पास्टर नेमायची सक्ती नव्हती. मग पास्टरांना त्रास काय होता?

त्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडायची तर अशी की चर्च वगळलं तरी चर्चमधला माणूस सोमवारी दुकान उघडतो त्याचं काय. न्यू मेक्सिकोतल्या एका फोटोग्राफर बाईने दोन बायकांच्या समारंभाचे फोटो काढायला नकार दिला, ती हरली, आणि एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिची केस ऐकायलाही नकार दिला होता. हे ताजं होतं, भीती हवेतली नव्हती.

पण त्याखाली अजून एक थर आहे आणि ख्रिश्चन राष्ट्रवाद मला तिथे दिसतो. या विचारात शहर हे सगळ्यांचं, कुणाचंच नसलेलं मैदान नसतं. देश एका विशिष्ट धर्माच्या नैतिकतेवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या कायद्याने कुठल्या तरी जीवनपद्धतीला मान्यता देणं म्हणजे मूळ मालकाला घराबाहेर काढणं. हे एकदा धरलं की चर्चला सूट आहे की नाही हा प्रश्न दुय्यम होतो. त्यात पार्करबाई कौन्सिलच्या चर्चेत म्हणून गेल्या की हे माझ्या स्वतःच्या आयुष्याबद्दल आहे. खरंच होतं ते, पण विरोधकांनी लगेच उचललं, बघा, बाई शहर स्वतःच्या अजेंड्यासाठी वापरतायत.

सह्या

ह्यूस्टनच्या सिटी चार्टरमध्ये सोय आहे की नवा नियम आवडला नाही तर ठरलेल्या तीस दिवसांत पुरेशा मतदारांच्या सह्या आणा, मग कौन्सिलने एक तर नियम मागे घ्यायचा नाहीतर सार्वमत घ्यायचं. आकडा होता १७,२६९.

इथे ह्यूस्टन एरिया पास्टर कौन्सिल कामाला लागली. प्रमुख डेव्ह वेल्श. ही संघटना २००३ पासून शहरात होती, आणि तिचं खास वैशिष्ट्य असं की ती फक्त गोऱ्यांची नव्हती. पुढे ज्या पाच जणांना नोटीस गेली त्यांचीच नावं बघा: स्वतः वेल्श, ग्रेस कम्युनिटी चर्च या प्रचंड मोठ्या चर्चचे स्टीव्ह रिगल, व्हिएतनामी बाप्टिस्ट चर्चचे खान्ह हुइन्ह, आणि हर्नान कास्तान्यो व माग्दा हर्मिडा हे दोन स्पॅनिश भाषिक समाजातले. कोर्टात जे फिर्यादी होते त्यात दोन कृष्णवर्णीय पास्टर. "ख्रिश्चन राष्ट्रवाद म्हणजे गोऱ्या लोकांचा राग" हे समीकरण बऱ्याच ठिकाणी बरोबर असेलही, पण ह्यूस्टनमध्ये ते लावलं की निकाल कळतच नाही. सायगाव पडल्यावर आलेले व्हिएतनामी, कॅथलिक घर सोडून पेंटेकोस्टल झालेले लॅटिनो, सिव्हिल राइट्सची परंपरा सांगणारे कृष्णवर्णीय बाप्टिस्ट, हे सगळे एका टेबलाभोवती बसवणं हे संघटनेचं काम असतं, ते एका रविवारी होत नाही.

आणि चर्च ही सह्या गोळा करायला केवढी सोयीची जागा आहे हो! दर आठवड्याला तीच माणसं, त्याच वेळी, एकाच छताखाली, पुढे उभ्या असलेल्या माणसावर विश्वास असलेली, दाराशी टेबल, टेबलावर पेन. आपल्याकडे सह्यांची मोहीम म्हणजे स्टेशनबाहेर उन्हात उभं राहून लोकांच्या मागे पळणं. इथे प्रवचन संपलं की लोक रांगेत.

करसवलतीचं काय, असं विचाराल. १९५४ मध्ये लिंडन जॉन्सनने (तोही टेक्ससचाच, तेव्हा सिनेटर) आणलेला नियम आहे की करमुक्त संस्थांनी उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. उमेदवाराचा. एखाद्या कायद्यावर, सार्वमतावर बोलायला मर्यादेत परवानगी आहे. म्हणजे पास्टरांनी "हिरो" विरुद्ध सह्या गोळा करणं हे बेकायदेशीर मुळीच नव्हतं. बाहेरून बघणाऱ्यांचा इथे नेहमी घोळ होतो, चर्चमध्ये राजकारण म्हणजे गुन्हाच असं धरून चालतात.

जुलैच्या सुरुवातीला पन्नास हजारांवर सह्या गोळा केल्याचं सांगत गठ्ठे सिटीत दाखल झाले. सिटी सेक्रेटरी अॅना रसेल, कित्येक दशकं त्या खुर्चीवर बसलेली बाई, त्यांनी मोजायला घेतल्या आणि गरजेपुरत्या तपासून १७,८४६ वैध असल्याचं लिहून दिलं. म्हणजे पास. पण सिटी अॅटर्नी डेव्हिड फेल्डमन मध्ये पडले: पाच हजारांवर पानं आहेत, त्यातल्या अर्ध्याहून जास्त पानांवर सह्या गोळा करणाऱ्याची स्वतःची सही नाही किंवा शपथ नीट नाही, किंवा तो ह्यूस्टनचा मतदारच नाही, सबब पानंच बाद. पान बाद की त्यावरच्या सगळ्या सह्या बाद. ४ ऑगस्टला जाहीर झालं, सह्यांचा अर्ज फेटाळला.

तांत्रिकदृष्ट्या फेल्डमन चूक होते असं मला वाटत नाही, खूप पानांत खरंच गडबड होती. पण सेक्रेटरीने पास म्हटल्यावर वकिलाने नापास करायचं हा अधिकार त्यांना होता का, हा वेगळाच प्रश्न, आणि शेवटी केस तिथेच अडकली.

विरोधकांनी कोर्टात धाव घेतली. फिर्यादींत जेरेड वुडफिल (हॅरिस काउंटी, म्हणजे ह्यूस्टनचा जिल्हा, तिथल्या रिपब्लिकन पक्षाचा माजी अध्यक्ष), स्टीव्हन हॉट्झ (पुराणमतवादी कार्यकर्ता) आणि ते दोन पास्टर. नीट लक्षात घ्या, ज्या पाच पास्टरांना पुढे नोटीस गेली ते या केसमध्ये फिर्यादी नव्हते.

नोटीस

केसचा मुद्दा काय तर पानं नीट भरली होती का. ती कशी भरायची याच्या सूचना चर्चमधून दिल्या गेल्या असणार, मग त्या सूचना मागवा, एवढं साधं. सिटीसाठी फुकट काम करणाऱ्या बाहेरच्या मोठ्या लॉ फर्मच्या वकिलांनी मसुदा बनवला आणि, वकील जसे बनवतात तसाच, जाळं जेवढं मोठं टाकता येईल तेवढं टाकलं: "हिरो", अर्ज, मेयर अॅनिस पार्कर, समलैंगिकता किंवा जेंडर आयडेंटिटी यांच्याशी संबंधित तुमची सगळी भाषणं, प्रेझेंटेशन आणि प्रवचनं. ईमेल, मेसेज वेगळेच.

मेयरचं नाव! समलैंगिकता! अहो, पान भरायच्या सूचनांशी याचा काय संबंध? हा मसुदा वाचून एकाही माणसाला सिटी हॉलमध्ये थांबावंसं वाटलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. नंतर मेयर आणि फेल्डमन दोघंही म्हणाले की जायच्या आधी आम्ही तो बघितलाच नव्हता. असेलही. पण मग १४-१५ ऑक्टोबरला बातमी फुटल्यावर तरी दोन पावलं मागे यावं ना? मेयरबाईंनी उलट ट्विट केलं, पास्टरांनी व्यासपीठ राजकारणासाठी वापरलं असेल तर त्यांची प्रवचनं तपासायला काहीच हरकत नाही अशा अर्थाचं. झालं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, इथे कोलीत देणाऱ्याने वर काडेपेटीही दिली.

पास्टरांच्या बाजूने अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम उतरली. ही अॅरिझोनातली वकिलांची तगडी संघटना, २००८ मध्ये यांनीच ३३ पास्टरांना घेऊन "पुलपिट फ्रीडम संडे" सुरू केला होता, ज्यात पास्टर मुद्दाम व्यासपीठावरून उमेदवारांबद्दल बोलायचे आणि टॅक्सवाल्यांना आव्हान द्यायचे, या, पकडा. टॅक्सवाले काही पकडायला आले नाहीत, त्यांना असला हुतात्मा बनवायचा नव्हता. म्हणजे सहा वर्षं हे लोक सरकारने प्रवचनाला हात घालावा म्हणून वाट बघत होते, आणि ह्यूस्टनने तो आपणहून घातला.

सिनेटर टेड क्रूझ ह्यूस्टनच्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये आला आणि म्हणाला की व्यासपीठावर कैसराची सत्ता चालत नाही, एका पास्टरला सबपीना म्हणजे सगळ्या पास्टरांना. मराठी बायबल वाचणाऱ्यांना "कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला" तोंडपाठ असतं, क्रूझने त्यातला सोयीचा अर्धा भाग घेतला. टेक्ससचा अॅटर्नी जनरल ग्रेग अॅबट तेव्हा गव्हर्नरपदाला उभा होता, मतदान तीन आठवड्यांवर, त्याने सिटीला जाहीर पत्र लिहिलं, नोटीस मागे घ्या. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की चर्च आणि सरकार वेगळं राहावं म्हणून आयुष्यभर भांडणाऱ्या उदारमतवादी बाप्टिस्टांनीही सिटीला चुकीचं ठरवलं. आणि बरोबरच होतं त्यांचं. भिंत असेल तर दोन्ही बाजूंनी असते.

१७ ऑक्टोबरला सिटीने "प्रवचनं" हा शब्द काढला. आग विझली नाही. मेयरबाई स्थानिक आणि बाहेरच्या पाळकांना भेटल्या आणि २९ ऑक्टोबरला नोटीस संपूर्ण मागे घेतली.

आणि आता कमाल बघा. २ नोव्हेंबरला, म्हणजे नोटीस मागे घेतल्यावर चार दिवसांनी, रिगल यांच्या ग्रेस चर्चमध्ये "आय स्टँड संडे" नावाची निषेध सभा झाली. कशाचा निषेध? मागे घेतलेल्या नोटिशीचा. हकबी आला, फॅमिली रिसर्च कौन्सिल या पुराणमतवादी ख्रिश्चन संघटनेचा टोनी पर्किन्स आला, डक डायनॅस्टी मालिकेतला दाढीवाला फिल रॉबर्टसन आला, देशभरच्या चर्चमध्ये लाइव्ह दाखवलं. दोन दिवसांनी निवडणूक, अॅबट गव्हर्नर, डॅन पॅट्रिक लेफ्टनंट गव्हर्नर. त्यांना निवडून यायला या सभेची काही गरज नव्हती, टेक्ससमध्ये ते आलेच असते. पण छळ होतोय ही भावना छळ थांबला तरी चालू ठेवता येते, हे या सभेने दाखवलं. १९८० मध्ये हेच लोक स्वतःला "नैतिक बहुसंख्य" म्हणायचे. २०१४ मध्ये भाषा छळ होणाऱ्या अल्पसंख्याकांची झाली, आणि त्याच तोंडाने हा देश आमचाच हेही चालू. दोन्ही एकदम कसं जमतं विचारू नका, जमतं. हे काय फक्त अमेरिकेतच होतं असं नाही.

कोर्ट, थोडक्यात

२०१५ च्या सुरुवातीला ज्युरीसमोर केस चालली, ज्युरीने काही मुद्दे इकडे काही तिकडे दिले, मग जज रॉबर्ट शाफर यांनी एकेक सही मोजली. एप्रिलमध्ये निकाल: वैध सह्या १६,६८४. म्हणजे ५८५ कमी. सिटी जिंकली! प्रवचनाचा एक शब्द न वाचता, नुसती पानं तपासून. जे कागद सिटीच्या स्वतःच्या कपाटात होते तेवढ्यावर केस जिंकता येत होती. मग तो सगळा तमाशा कशासाठी केला होता?

पण २४ जुलैला टेक्सस सुप्रीम कोर्टाने पाटी पुसली. त्यांचं म्हणणं, सेक्रेटरीने वैध म्हणून लिहून दिलं तिथेच विषय संपला, वकिलाला पुन्हा तपासायचा अधिकार नाही, कौन्सिलने कायदा मागे घ्यावा नाहीतर नोव्हेंबरला सार्वमत घ्यावं. अॅना रसेल यांची ती एक चिठ्ठी बाकी सगळ्यावर भारी पडली.

बाथरूम

आता कुणालाही वाटेल की प्रचारात देव, बायबल, कुटुंब, व्यासपीठाचं स्वातंत्र्य हे सगळं येणार. नाही आलं. टीव्हीवरच्या जाहिरातीत एक शाळकरी मुलगी टॉयलेटमध्ये जाते, मागून एक पुरुष शिरतो, दार बंद. घोषणा एकच, बायकांच्या बाथरूममध्ये पुरुष नकोत. अॅस्ट्रोजचा माजी बेसबॉल स्टार लान्स बर्कमन, चार मुलींचा बाप, कॅमेऱ्यात बघून तेच म्हणाला. पंधरा गटांना संरक्षण देणारा कायदा, त्याचं नाव पडलं "बाथरूम ऑर्डिनन्स".

ट्रान्सजेंडर माणसाला त्याच्या जेंडर आयडेंटिटीप्रमाणे बाथरूम वापरू द्यावं असा एक उल्लेख सुरुवातीच्या मसुद्यात होता, पास होण्याआधीच काढून टाकला होता. टॉयलेटमध्ये जाऊन कुणाला त्रास देणं हा टेक्ससमध्ये आधीही गुन्हा होता, नंतरही राहिला असता. डॅलसमध्ये तेरा वर्षांत तसलं काही आक्रीत घडलं नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार, पण भुई धोपटल्याचा आवाज मोठा येतो. समर्थकांकडे पैसा जास्त होता, ओबामांच्या व्हाइट हाउसचा आणि हिलरी क्लिंटनचा पाठिंबा होता, मोठ्या कंपन्या होत्या, शहरातले बरेच उदारमतवादी पाळक आणि रॅबायही होते. पण त्यांची जाहिरात "भेदभाव वाईट, समानता चांगली" अशी गुळगुळीत, बाथरूमचं नाव काढायलाच लाजणारी. ज्या आईच्या मनात शंका आली तिला उत्तरच मिळालं नाही.

पास्टर इथे दिसेनासे झाले असं वाटेल, पण तसं नव्हतं. जाहिरातीत देव नव्हता कारण टीव्ही सगळ्यांसाठी होता. चर्चमध्ये देव होताच, आणि मतदानाला घेऊन जाणारी तीच सह्यांची यादी होती. पन्नास हजार नावं, पत्त्यांसकट. प्रचाराच्या धंद्यातला कुणीही सांगेल याची किंमत काय.

३ नोव्हेंबर २०१५: कायद्याविरुद्ध ६१ टक्के, बाजूने ३९. कृष्णवर्णीय वस्त्यांमधूनही मोठं मतदान विरोधात गेलं, डेमोक्रॅटिक पक्षाला डोळे झाकून मत देणारे भाग हे. मतदार यादीतले पाऊण टक्के... चुकलो, पाऊण हिस्सा लोक घरीच बसले. आणि आपली शुगर लँडची मराठी मंडळी? त्यांना मतच नव्हतं. शुगर लँड वेगळं शहर, वेगळी काउंटी. रोज नोकरीला ह्यूस्टनमध्ये जायचं, पण तिथल्या नोकरीतल्या भेदभावाच्या कायद्यावर मत द्यायचं नाही. त्या कायद्यात धर्म, वंश आणि मूळ देश हेही होतं, ते मात्र त्यांच्या कामाचं होतं.

पुढे

पुढच्या वर्षी मार्च २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने राज्यपातळीवर बाथरूमचा कायदा केला, सरकारी इमारतींत जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणेच बाथरूम वापरायचं असा. ह्यूस्टनची घोषणा तिकडेही चालली.

२१ मे २०१७ ला, रविवारी, गव्हर्नर अॅबट वुडलँड्समधल्या ग्रेस चर्चमध्ये गेला, रिगल यांच्याच चर्चमध्ये, आणि सगळ्यांसमोर एका कायद्यावर सही केली: टेक्ससमध्ये यापुढे कुठलंही सरकार केसमध्ये पास्टरचं प्रवचन मागवू शकत नाही. तसं बघितलं तर हा कायदा वाईट नाही, मी आमदार असतो तर मीही हात वर केला असता. पण सही कुठे केली ते बघा. सरकारपासून चर्चला वाचवणाऱ्या कायद्यावर सरकारने चर्चच्या व्यासपीठावर बसून सही केली.

त्याच वर्षी डॅन पॅट्रिकने राज्याचा बाथरूम कायदा रेटला, पास्टर कौन्सिलवाले राजधानी ऑस्टिनमध्ये ठाण मांडून बसले. पण हा पडला, कारण उद्योगपती घाबरले, नॉर्थ कॅरोलायनाचे सामने आणि कार्यक्रम गेलेले त्यांनी बघितले होते, आणि हाउसचा स्पीकर जो स्ट्राउस, जो स्वतः रिपब्लिकन, त्याने तो पुढे सरकूच दिला नाही. तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं की पास्टरांची लाट ओसरली.

फिर्यादींपैकी वुडफिलने ह्यूस्टन सिटी समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना जे लाभ देते त्याविरुद्धची केस टेक्सस सुप्रीम कोर्टापर्यंत नेली. हॉट्झच्या ब्रेडवुड नावाच्या कंपनीची आरोग्य विम्याबद्दलची केस तर २०२५ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टात पोचली, तिथे ती हरली. जुलै २०२५ मध्ये टॅक्स खात्याने टेक्ससच्याच एका फेडरल कोर्टात लिहून दिलं की पास्टरने आपल्या मंडळीला प्रार्थनेच्या वेळी निवडणुकीबद्दल सांगितलं तर तो जॉन्सनच्या नियमाचा भंग धरायला नको. २००८ मध्ये त्या ३३ जणांनी जे आव्हान दिलं होतं त्याला सतरा वर्षांनी सरकारचं असं उत्तर आलं.

आणि २०१७ ला पडलेला तो बाथरूम कायदा? सप्टेंबर २०२५ मध्ये अॅबटने त्यावर सही केली, ४ डिसेंबरपासून टेक्ससच्या सरकारी इमारतींमध्ये आणि शाळांमध्ये लागू झाला. यावेळी ना कुठली मोठी कंपनी बोलली, ना कुणी मेयरला बायबलं पाठवली.